क्लायंबिंग वर्ल्ड कप सीझनचं गणित कोणी समजावून सांगा ना, पोरगी डोकं खाऊन राहिली

भुसावळचा_आप्पा

राम राम मंडळी. प्रश्न जरा वेगळा आहे, हसू नका. माझी पोरगी आठवीत आहे. मागच्या वर्षी उन्हाळ्यात तिला यूट्यूबवर ते भिंतीवर चढायच्या स्पर्धा सापडल्या, स्पोर्ट क्लायंबिंग म्हणतात त्याला, आणि तेव्हापासून आमच्या घरात क्रिकेट बंद झालंय म्हणा ना. युरोपातली फायनल असली की रात्री साडेदहा-अकराला लागते, मी सेकंड शिफ्ट करून आलेलो असतो, भाकर मोडता मोडता समोर तेच चालू. अमेरिकेतली असली तर पहाटे अलार्म. आधी वैताग यायचा पण खरं सांगतो आता मीच विचारतो आज कुठं आहे म्हणून.

तर २०२५ चा आख्खा सीझन आम्ही पाहिला, काही लाइव्ह काही नंतर. एप्रिलला चीनमध्ये सुरू झाला, मग ब्राझील, अमेरिका, प्राग, बर्न, इन्सब्रुक, शामोनी असं करत करत सप्टेंबरला कोरियात सोलला वर्ल्ड चॅम्पियनशिप. पोरीने गणिताच्या वहीच्या मागच्या पानांवर सगळं टेबल करून ठेवलंय (गणित पुढच्या पानांवर किती आहे ते विचारू नका). नवीन सीझनच्या आधी मला हे सगळं समजून घ्यायचंय कारण ती मला विचारते आणि मला उत्तर येत नाही, बापाची इज्जत जाते.

एक तर क्वालिफिकेशनला पहिला आलेला माणूस फायनलला सातवा कसा येतो, आधीचे मार्क जातात कुठं? दुसरं, ती स्लोव्हेनियाची जी आहे, जान्जा, ती सोलला दोन गोल्ड घेऊन गेली आणि तरी सीझनची ट्रॉफी दुसऱ्याच पोरीला, हे कसं काय? आणि बोल्डरमध्ये एकही भिंत पूर्ण न चढलेला माणूस एक पूर्ण चढलेल्याच्या वर कसा जाऊ शकतो, हे तर मला अजिबातच झेपलं नाही.

आणि शेवटचं म्हणजे पोरीला स्वतःला करायचंय. इथं भुसावळात भिंत कुठली. मागच्या महिन्यात ती दाराच्या चौकटीला बोटांनी लटकली, क्वार्टर जुनं, वरची पट्टी खिळ्यासकट हातात आली आणि ती खाली. लागलं नाही पण आईने दोघांना झापलं, मला जास्त. त्याआधी शाळेतले खडू कुटून त्याची पूड मोज्यात भरून ठेवली होती, हाताला लावायला. काय करावं सांगा.

फैजपूरचा_सध्या_पुण्यात

आप्पा, तुमच्या पोरीला माझा सलाम सांगा. मी मूळचा फैजपूरचा, नोकरीला पुण्यात, चार वर्षांपासून इथल्या वॉलवर जातो, म्हणजे माझी लेव्हल अशी की दहा वर्षांची पोरं माझ्या बाजूने सरसर वर जातात आणि मी खाली बसून बोटांना टेप लावतो. पण बघायचा किडा भयंकर आहे त्यामुळे लिहितो, लांब होईल.

सगळ्यात आधी, तिचं नाव यान्या. यान्या गार्नब्रेट. आम्ही पण सुरुवातीला जान्जाच म्हणायचो.

दुसरं म्हणजे हा एक खेळ नाहीये, एका छत्रीखाली तीन आहेत. बोल्डर म्हणजे साडेचार मीटरच्या आसपासची भिंत, दोर नाही, खाली जाड गादी, चार-पाच छोटे छोटे प्रॉब्लेम, म्हणजे चढायचे रस्ते, दिलेल्या मिनिटांत कितीही वेळा ट्राय करा. लीड म्हणजे दोर कमरेला बांधून उंच भिंत, एकच चान्स, सहा मिनिटं, हात सुटला की संपलं. आणि स्पीड म्हणजे १५ मीटर, दोघं शेजारी शेजारी, जो आधी वर बटण मारेल तो. तिघांची सीझनची टेबलं वेगळी असतात, पोरीच्या वहीत तीन टेबलं असतील तर बरोबर आहे, एकच असेल तर तिथंच घोळ झालाय.

आता तुमचा पहिला प्रश्न. प्रत्येक राउंड शून्यापासून. क्वालिफिकेशनचं काम फक्त पुढं ढकलायचं. सेमीला २४ जण, फायनलला ८. फायनलला भिंत नवी, मार्क नवे. आधीच्या राउंडचा फायदा दोनच गोष्टींत, एक तर सेमीला पहिला आलेला फायनलला शेवटी चढतो, आणि बरोबरी झाली तर मागच्या राउंडला कोण वर होतं ते बघतात. दहावीच्या प्रिलिमला पहिला आलेल्याला बोर्डात काय मिळतं? काहीच नाही ना. तसंच.

आणि इथंच या खेळाची खरी गंमत आहे. पेपर दर वेळी नवा. रूटसेटर म्हणून माणसं असतात, ती रात्रभर स्क्रू मारून होल्ड, म्हणजे धरायचे-पाय ठेवायचे उंचवटे, बसवतात, आणि खेळाडूंना स्पर्धेआधी ते दिसू नये म्हणून त्यांना आयसोलेशनमध्ये बसवून ठेवतात, मोबाईल काढून घेतात. दुसरा कसा चढला हे बघता येत नाही. बाहेर फक्त लोकांचा आवाज ऐकू येतो, त्यावरून अंदाज लावत बसायचं की आधीचा वर पोचला की पडला. मग सगळ्यांना एकदम थोडी मिनिटं भिंत बघायला मिळते, त्याला ऑब्झर्व्हेशन म्हणतात. त्या वेळी बघा एकदा नीट, एकमेकांचे प्रतिस्पर्धी बाजूबाजूला उभे राहून हवेत हात फिरवत चर्चा करतात, इथं उजवा लागेल, नाही नाही डाव्या पायाची टाच वर घेऊ. दुसऱ्या कुठल्या खेळात फायनलच्या पाच मिनिटं आधी विरोधक बसून एकमेकांना उत्तरं सांगतात? मी तर नाही पाहिलं.

बोल्डरच्या मार्कांचं. २०२५ पासून नवीन पद्धत आली. वरचा होल्ड दोन्ही हातांनी कंट्रोलमध्ये धरला की टॉप, २५ मार्क. मध्ये कुठंतरी एक झोन ठरवलेला असतो, तिथंपर्यंत पोचलं की १०. प्रत्येक वाया गेलेल्या ट्रायला ०.१ कट. म्हणजे पहिल्या ट्रायला टॉप केलं, ज्याला फ्लॅश म्हणतात, तर पूर्ण २५, तिसऱ्या ट्रायला केलं तर २४.८. आता तुमचा तिसरा प्रश्न घ्या. एकाने चारपैकी एकच टॉप केला, बाकी तीनवर झोन पण नाही, त्याचे २५. दुसऱ्याने एकही टॉप नाही पण तीन झोन, ३० च्या आसपास. दुसरा वर. पूर्वी असं नव्हतं, तेव्हा आधी टॉप मोजायचे आणि मग झोन, म्हणजे एक टॉपवाला कायम शून्य टॉपवाल्याच्या वरच. यावर लोक अजून भांडतात. मला विचाराल तर मला जुनं बरं वाटायचं, अर्धवट काम तीन ठिकाणी करण्यापेक्षा एक ठिकाणी पूर्ण केलेलं मोठं. पण टीव्हीवर बघणाऱ्याला आकडा दिसला की समजतं, हे पण खरंय, आधीचं ते २टी३झेड ५ ७ बघून माझ्या रूममेटला वाटायचं गाडीचा नंबर आहे.

सीझनचं नंतर लिहितो, मीटिंग लागली.

रावेरचा_केळीवाला

आप्पा चौकट निघाली म्हणजे पोरगीत दम आहे, रेल्वेने चौकट बदलून द्यायला पाहिजे आणि वर इनाम पण.

बाकी मला यातलं काही कळत नाही पण एकदा आमच्या इथं मजुराचं पोरगं पाण्याच्या टाकीवर बाहेरच्या बाजूने चढताना पाहिलेलं, पाइपाला धरून, चप्पल तोंडात. त्याला म्हटलं अरे जिना आहे. म्हणे जिन्याला कुलूप आहे.

धुळ्याचा_लळिंगकर

मी २०१६ ला नवी मुंबईला गेलो होतो भाऊ, वर्ल्ड कप होता बोल्डरिंगचा. बऱ्याच लोकांना माहीतच नाही की हा वर्ल्ड कप आपल्या महाराष्ट्रात झालेला, २०१६ आणि २०१७ असा लागोपाठ दोनदा. मुंबईच्या गिरिविहार क्लबच्या लोकांनी अंगावर घेऊन केला. मे महिना, घामाने आपले शर्ट अंगाला चिकटलेले, आणि ती युरोपातली जपानची पोरं दर दोन मिनिटाला हात त्या पावडरीच्या पिशवीत घालून राहिली. मी पहिल्या रांगेत होतो. लांबून टीव्हीवर जे होल्ड भाकरीएवढे दिसतात ना ते जवळून पाहिले तर काही काही नुसते फुगवटे, धरायला कडाच नाही. एका पोरीने असल्या एका फुगवट्यावर तळहात नुसता ठेवला, धरला नाही, ठेवला, आणि सगळं अंग त्याच्याखाली लोंबकळत ठेवून हळूच पाय वर घेतला. बोटं नाही, आख्खा तळवा. मी आपला गडावर तीस वर्ष फिरतो, मला वाटायचं मला चढता येतं. त्या दिवशी समजलं.

आणि ती खडूची पूड. आप्पा, शाळेचा खडू वेगळा, तो जिप्समचा. क्लायंबिंगचा चॉक म्हणजे मॅग्नेशियम कार्बोनेट, घाम शोषतो. जिम्नॅस्टिकवाले वापरतात तोच. शाळेच्या खडूने हात उलट जास्त घसरतो.

आता तक्रार करतो. आमच्या भागातल्या एका शाळेत वॉल बांधली होती, नाव नाही घेत, चांगली तीस फुटी, होल्ड बिल्ड लावून. उद्घाटनाला हार तुरे झाले, पेपरात फोटो आला, दोन महिने पोरं चढली. मग शिकवणाऱ्या सरांची बदली झाली आणि वॉलच्या जाळीला कुलूप लागलं. मी दोन वर्षांनी गेलो तर दोर तसाच वर टांगलेला, दोन उन्हाळे आपलं पंचेचाळीस डिग्रीचं ऊन खाऊन दोराची सळई झालेली, हाताने वाकेना. मी सांगितलं हा कापून टाका, याच्यावर कोणाला चढवू नका. म्हणे स्टॉकमध्ये आहे, रजिस्टरला नोंद आहे, कापता येत नाही.

काय सांगू, आमना कडे भित शे पन चावी नही.

फैजपूरचा_सध्या_पुण्यात

लळिंगकर तुमचं ते दोराचं वाचून अंगावर काटा आला.

आप्पा, सीझनचं आता. प्रत्येक वर्ल्ड कपला जिंकणाऱ्याला १००० पॉइंट, दुसऱ्याला ८०५, तिसऱ्याला ६९०, असं खाली खाली. वर्षभराची बेरीज ज्याची जास्त त्याचा सीझन. आता समजा एकीने एकच स्पर्धा खेळली आणि जिंकली, १०००. दुसरीने दोन खेळल्या, दोन्हीत तिसरी, १३८०. दुसरी पुढं. एवढंच आहे. वर्ल्ड चॅम्पियनशिप ही त्या बेरजेबाहेरची वेगळी स्पर्धा, दोन वर्षांतून एकदा, तिथं त्या आठवड्यात जो भारी तो चॅम्पियन.

२०२५ ला यान्याने वर्ल्ड कप मोजकेच खेळले, आणि सोलला येऊन बोल्डर पण घेतलं लीड पण घेतलं. तिची वर्ल्ड चॅम्पियनशिपची दहा गोल्ड झाली त्याने. पण बोल्डरचा सीझन फ्रान्सच्या ओरियान बेर्तोनने घेतला कारण ती देश बदलत, विमानं बदलत, दर आठवड्याला हजर होती आणि दर वेळी वरच होती. मला दोन्ही मोठं वाटतं. पण खरं सांगू का, सीझनची ट्रॉफी मला जास्त कठीण वाटते. एका दिवशी पेपर तुमच्या सवयीचा निघू शकतो, एप्रिल ते जून सहा ठिकाणी सहा वेगळे पेपर निघतात तेव्हा नशीब पुरत नाही. कधी सगळं उड्या मारायचं, कधी इंचभर कडेवर बोटं अडकवायचं, कधी उभ्या भिंतीवर नुसता तोल. २०१९ ला याच यान्याने बोल्डरचे सहाच्या सहा वर्ल्ड कप जिंकले होते, एकही सोडला नाही. असं आधी कोणीच केलं नव्हतं. आणि २०२३ ला जपानच्या सोराटो अनराकूने एकाच सीझनला बोल्डर आणि लीड दोन्ही ट्रॉफ्या घेतल्या, तेव्हा तो १६ वर्षांचा होता. १६! मी सोळाव्या वर्षी सायकलवरून पडून हात मोडून घेतला होता.

पेपर अंगावर कसा येतो त्याचं उदाहरण पोरीला माहीत असेलच, पॅरिस ऑलिंपिक, जपानची आई मोरी.

भुसावळचा_आप्पा

माहीत आहे म्हणजे काय, घरात तिचा फोटो लावलाय. माझी आई पहिल्यांदा ऐकून म्हणे कोणाची आई? म्हटलं आजी, नावच आई आहे तिचं.

तो प्रसंग आम्ही दहा वेळा पाहिला असेल. फायनलचा पहिलाच प्रॉब्लेम, सुरुवातीचा होल्ड एवढा वर की उडी मारून धरायचा. बाकीच्या पोचल्या. ही १५४ सेंटीमीटर. उडी मारते, बोटं लागतात, खाली. परत उडी, परत खाली. वेळ संपेपर्यंत ती उड्याच मारत होती, एकदा पण भिंतीला लटकता आलं नाही. शून्य. आणि मग लीडला सगळ्यांत वर तीच गेली, तरी चौथी, कारण तिथं बोल्डर आणि लीडची बेरीज एकत्र होती. माझी पोरगी वर्गात सगळ्यांत बुटकी आहे, ती त्या दिवशी जेवली नाही. ती म्हणते पप्पा हे सेटरने मुद्दाम केलं. मुद्दाम केलं का हो?

फैजपूरचा_सध्या_पुण्यात

मुद्दाम कोणी करत नसतं आप्पा, पण चूक होती असं माझं मत. यावर तेव्हा जगभर दोन तट पडले होते. एक म्हणतो उंची हा खेळाचाच भाग, बास्केटबॉलला कोण रडतं, आणि बुटक्यांना दुसऱ्या ठिकाणी फायदा होतोच, छोटी बोटं बारीक कडेवर चार बसतात जिथं माझी दोन बसतात. ते बरोबरच आहे. पण मधल्या एखाद्या मूव्हला अडणं वेगळं आणि सुरुवातच करता न येणं वेगळं. पेपर कठीण असावा, प्रश्न वाचताच येऊ नये असा नसावा. लीडला तिने ९६.१ केले होते १०० पैकी. ते पोरीला सांगा, ते वहीत मोठ्या अक्षरात लिहायला सांगा.

त्याच पॅरिसला पुरुषांचं पण बघा, बोल्डरनंतर सोराटो पुढं होता, लीडला शेवटी आला आणि लवकर सुटला, गोल्ड ब्रिटनच्या टोबी रॉबर्ट्सला. टोबी खाली बसून बघत होता, त्याचं तोंड बघण्यासारखं होतं.

धुळ्याचा_लळिंगकर

मला म्हणून तर स्पीड आवडतं. तिथं ना सेटर ना पेपर. सगळ्या जगात एकच रूट, तेच होल्ड, त्याच जागेवर. इंडोनेशियात तोच, पोलंडमध्ये तोच. १५ मीटर, पाच डिग्री पुढं झुकलेली. पाठ करायचं आणि पळायचं. कोणी म्हणतं हे क्लायंबिंगच नाही, नसू दे. २०१७ ला इराणच्या रेझा अलीपूरने ५.४८ केलं तेव्हा लोक म्हणाले आता काय राहिलं. २०२३ ला इंडोनेशियाचा वेद्रिक लिओनार्दो ४.९० वर आला, पाच सेकंदांच्या आत येणारा पहिला माणूस. पॅरिसला त्यानेच ४.७५ ला गोल्ड घेतलं. आणि गंमत म्हणजे अमेरिकेच्या सॅम वॉटसनने त्याच दिवशी ४.७४ चा वर्ल्ड रेकॉर्ड केला आणि त्याला मिळालं ब्राँझ! कारण सेमीला हरला होता, रेकॉर्ड झाला ब्राँझच्या रेसमध्ये. २०२५ ला बालीत त्याने ४.६४ केलं. बायकांमध्ये पोलंडची मिरोस्लाव, सोलला ६.०३. मी आमच्या घराच्या जिन्यावर घड्याळ लावून पाहिलं, दुसऱ्या मजल्यावर जायला मला चौदा सेकंद, आणि मग दम.

एक बारकी गोष्ट पोरीला दाखवा. खालून निघताना रूट डावीकडे जरा वळतो, आधी सगळे तसंच जायचे. जपानच्या टोमोआ नारासाकीने तो वळसाच सोडून दिला, होल्ड गाळून सरळ वर. तो स्पीडवाला पण नव्हता मुळात, बोल्डरवाला. आता त्याला टोमोआ स्किपच म्हणतात आणि बहुतेक सगळे तेच करतात. म्हणजे पाठ केलेल्या पेपरात पण नवं उत्तर निघालंच की.

चाळीसगावची_मीना

इतका वेळ वाचत होते, आता बोलते. मी फिजिओथेरपिस्ट आहे, आप्पा, तुमच्या पोरीबद्दल दोन गोष्टी, जरा मनावर घ्या.

एक, चौकटीला बोटांनी लटकणं बंद. चौकट मजबूत असली तरी बंद. सुताराकडून सागवानी पट्टी करून घ्या वगैरे सल्ला कोणी देईलच, तो पण आता नको. वाढीच्या वयात बोटांच्या हाडांची टोकं अजून कच्ची असतात, तिथून हाड वाढत असतं. त्यावर आख्ख्या अंगाचा भार बारीक कडेवर परत परत टाकला की तिथंच बारीक फ्रॅक्चर होतं. क्लायंबिंग करणाऱ्या टीनएज मुलांमध्ये ही ओळखीची दुखापत आहे. मधल्या पेराशी दुखतंय, सूज आहे असं म्हणाली तर मलम चोळत बसू नका, थांबवा आणि दाखवा. झाडावर चढू दे, जाड दांड्याला लटकू दे, दोरीवर चढू दे, मल्लखांब शिकवणारे कोणी असतील तर नेऊन घाला, त्यात पकड पण येते आणि उलटं होऊन घाबरायचं नाही हे पण येतं. पट्टीवर बोटांनी लटकणं नंतर, शिकवणारा समोर असताना.

दोन, जास्त महत्त्वाचं. तुम्ही लिहिलंय ती त्या दिवशी जेवली नाही. एक दिवसाचं सोडा. पण या खेळात वजन कमी म्हणजे चढणं सोपं हा हिशेब पोरींच्या डोक्यात फार लवकर बसतो आणि तो फार वाईट आहे. ही बारीकसारीक गोष्ट नाही हो, २०२३ ला या खेळाच्या आंतरराष्ट्रीय फेडरेशनच्या मेडिकल कमिशनमधल्या दोन डॉक्टरांनी राजीनामे दिले, खेळाडू उपाशी राहताहेत आणि तुम्ही काही करत नाही म्हणून. मग २०२४ पासून नियम आला, हेल्थ सर्टिफिकेट लागतं. यान्या स्वतः यावर उघड बोललेली आहे. अंगात कमी इंधन आणि व्यायाम भरपूर असं झालं की पाळी थांबते, हाडं कमजोर होतात, दुखापती भरत नाहीत. माझ्याकडे कबड्डीच्या पोरी येतात तशा, ताई मी रात्रीची भाकर सोडलीय म्हणतात, अभिमानाने. मी पहिलं विचारते पाळी कधी आली होती. अर्ध्या जणी उत्तर द्यायला लाजतात, आईकडे बघतात.

कळण्याची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, वरण, दूध, केळी आपल्याकडे काय कमी आहेत का. पोटभर जेवू दे तिला.

रावेरचा_केळीवाला

केळीचा विषय निघाला म्हणून, मीनाताई बरोबर बोलल्या. आप्पा पत्ता पाठवा, एक घड माझ्याकडून, पोरीच्या नावाने. चौकटीचं पण बघू.

भुसावळचा_आप्पा

मीनाताई, तुमचं बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणे मी तर कधीची सांगून राहिली, तुम्हाला फोरमवर वाचल्याशिवाय पटत नाही. खरं आहे. पोरीची बोटं काल दाबून पाहिली, मधल्या बोटाला जरा दुखतं म्हणाली, सूज नाही. लटकणं बंद केलं. रुसली.

फैजपूरवाले भाऊ, सीझनचं आता समजलं. तिच्या वहीत एकच टेबल होतं, तुम्ही म्हणाले तसंच, तिन्ही खेळांची बेरीज एकात! आता तीन पानं केली. मग पुढं काय, इथून जायचं कुठं? मी म्हटलं पाटणादेवीला डोंगर आहेत, लळिंग आहे, तोरणमाळ आहे, तिकडं नेऊ का?

धुळ्याचा_लळिंगकर

फिरायला न्या, कातळाला हात लावायला नका नेऊ. आपला काळा दगड वरून दणकट दिसतो पण जागोजागी सुटा असतो, हाताबरोबर येतो, तुमच्या चौकटीसारखा. पाटण्याचं तर अभयारण्य आहे आणि वरच्या कड्यांना आग्या मोहोळ, एक खडा पडला की काम तमाम. माझ्यासोबतचा एक जण तीन दिवस तोंड सुजवून बसला होता. दगडावरचं शिकायचं तर नंतर, जाणत्या माणसाबरोबर, हेल्मेट दोर सगळं घेऊन. कर्नाटकात बदामीचा लाल दगड आणि हंपीचे ग्रॅनाइटचे धोंडे, देशभरातली पोरं तिथं जातात.

फैजपूरचा_सध्या_पुण्यात

सहमत. दिवाळीच्या सुट्टीत तिला पुण्याला आणा, चार-पाच दिवस. इथं वॉल आहेत, शिकवणारे आहेत, बूट भाड्याने मिळतात (विकत घेऊ नका एवढ्यात, पाय वाढतोय). पहिल्या दिवशी मी येतो सोबत, तिला कळेल की तिच्यापेक्षा वाईट चढणारा पण माणूस असतो. स्पर्धांचं म्हणाल तर आपल्याकडे हा खेळ दिल्लीच्या इंडियन माउंटेनियरिंग फाउंडेशनकडे आहे, झोनल होतात, मग नॅशनल, आपण वेस्ट झोन. वयाचे गट असतात. घाई नाही. टोकियोला या खेळाची दोन गोल्ड होती, पॅरिसला चार, २०२८ ला लॉस एंजेलिसला सहा असणार, बोल्डर लीड स्पीड सगळं वेगवेगळं. खेळ वाढतोय, तिला वेळ आहे.

तोपर्यंत घरी एक काम द्या. फायनल बघताना ऑब्झर्व्हेशन सुरू झालं की व्हिडिओ थांबवायचा, तिने वहीत काढायचं की कुठला हात कुठं जाईल, पाय कुठं, आणि मग चालू करून बघायचं किती बरोबर आलं. मी अजून करतो. निम्मं चुकतं.

भुसावळचा_आप्पा

करून राहिलो ते, आता मी पण वही घेतली. परवा बर्नची जुनी फायनल लावली, चारपैकी तीन प्रॉब्लेममध्ये तिचं बरोबर आलं, माझं एक पण नाही, मी प्रत्येक ठिकाणी उजवा हातच लिहितो म्हणे.

पण लळिंगकर भाऊ, तुमच्या त्या स्पीडने नवीन भानगड केली. जगात सगळीकडे एकच रूट हे वाचल्यापासून तिने ठरवलं तो रूट काढायचा, खऱ्या मापाचा. १५ मीटर म्हणजे पन्नास फूट जवळपास, आमची गच्ची तीस फुटाची. म्हणून काल सकाळी क्वार्टरच्या मागच्या बोळात जमिनीवर काढला, शिवणाच्या टेपने मोजून, त्याच शाळेच्या खडूने (तेवढ्या कामाला तरी आला). आणि मग त्याच्यावर पालीसारखी हातपाय टाकत सरपटत गेली, मी मोबाईलवर टाइम लावला. ११.३ सेकंद, सपाट जमिनीवर. टोमोआ स्किप पण केलं. शेजारच्या काकू बादली घेऊन आल्या, बराच वेळ बघत उभ्या राहिल्या, म्हणे ही कोणत्या सणाची रांगोळी गं बाई.

आता अडचण अशी की हाताचे होल्ड २० आणि पायाचे ११ असायला पाहिजेत, तिचे पायाचे दहाच भरताहेत, व्हिडिओ थांबवून थांबवून मोजलं तरी. कोणाकडे त्या रूटचा मापासकट नकाशा असेल तर इथं टाका, पाऊस यायच्या आत.